उलटी टीप

तिसऱ्या महिन्यात एक टॉवेल पुरला.
चौथ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
सावरीचा कापूस आणला.
विकणाऱ्याने विचारलं, उशी कोणासाठी?
म्हटलं, घरात पाहुणा येणार आहे.
खोटं नव्हतं ते.

दिवाडीवर बातमी फेरीच्या आधी पलीकडे पोचते.
वेन्सी बिंबल्यांची वाटी घेऊन सोप्यावर बसली,
माझं पायऱ्या चढणं पाहत राहिली.
एक हात कमरेवर, एक कठड्यावर.
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.
अकरा वर्षं मी दुसऱ्या बायकांकडे
नुसती बघत आले होते.

वर माडीवर मिंगेलिन.
एकोणीस वर्षांची, केप्याच्या पलीकडची कुठली तरी,
उल्हासने रात्रीच्या शेवटच्या फेरीने आणलेली.
तिचं पोट खरं, माझं गावासाठी.
बाळंतपण तिचं, दाखल्यावर नाव माझं.
कागद उल्हास बघणार, डॉक्टर उल्हास बघणार,
मी फक्त ताट वाढायचं
आणि माडीची किल्ली सांभाळायची.
कापसाला मी एक चोरखिसा लावला, तिच्यासाठी.
बसताना टोचायची. बरं वाटायचं.

तिला कंटाळा येई. म्हणाली, बाय, मला शिवण शिकव.
धावदोरा शिकवला, हेम शिकवली, मग उलटी टीप:
सुई एक पाऊल पुढे, अर्धं मागे,
ओढलं तरी उसवत नाही.
तिची बोटं माझ्याहून चपळ.
पोटावर चादर घेऊन बसायची,
एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा.
लाज असेल, वाटलं.
एकदाच माझा हात ओढून चादरीवर धरला,
आणि आतून, अगदी स्पष्ट, टाच लागली.

सातव्यात फुलं माळली मला.
वाड्यावरच्या बायका, अबोलीचे वळेसर, ओटीत नारळ,
कोणीतरी हसत म्हणालं, मुलगाच, पोट टोकदार आहे.
आणि कापसात काहीतरी हललं.

नारळ सोडून मी वर गेले.
मिंगेलिन खिडकीशी होती, पाठमोरी.
माझं आज गप्प आहे, म्हणाली,
मी काही विचारायच्या आत.

त्या दिवसापासून रात्रीही मी ते उतरवलं नाही.
उल्हास भिंतीकडे तोंड करून झोपे.
मी मोजत असे: डावीकडे तीन, उजवीकडे एक.
वर तिच्या पावलांचा आवाज थांबला
की इथे सुरू व्हायचं.

आज पहाटे माडीचं दार सताड उघडं.
पलंगावर चादरीची घडी,
घडीवर एक उशी,
पोटासारखी गोल, थोडी डावीकडे कललेली.
सावरीचाच कापूस.
टीप तपासली. एक पुढे, अर्धं मागे.
माझीच, पण माझ्याहून सुबक.

मग एप्रिलात ती टाच कोणाची?

चोरखिशात बोटं घातली.
किल्ली नव्हती.
खिसाच नव्हता.
तोंड शिवून टाकलेलं, बारीक दोऱ्याने,
रात्री, माझ्या झोपेत, माझ्या अंगावर.
एकाने श्वास रोखून सुई चालवली असणार.
बॅटरी दुसऱ्याने धरली असणार.

खालून वेन्सीची हाक:
अगो, उल्हासची स्कूटर धक्क्यावर उभी आहे, चावीसकट.
तो कुठे गेला? तू बरी आहेस ना?
दिवस भरले ना तुझे?

ब्लाउज पुढून ओला झाला होता.
बोट लावून चाखलं.
घाम खारट असतो.

मी दुसरी उशी उचलली,
पहिलीखाली बांधली, गाठ घट्ट केली.
दोन्ही एकदम शांत झाली,
ओळखीची माणसं भेटल्यासारखी.
एक हात कमरेवर, एक कठड्यावर,
एकेक पायरी उतरत आले.

वेन्सी, म्हटलं, पाणी तापत ठेव.
जुळी आहेत.