डुप्लिकेट

पेद्रा-लोंगाच्या उतारावर माझं दुकान.
बूट शिवून मिळतील, किल्ल्या करून मिळतील.
दोन्ही एकाच छपराखाली का, ते सासऱ्यांना माहीत.
ते गेले, मग नवरा गेला,
यंत्र राहिलं
आणि त्याला तेल घालणारी मी, झुल्मिरा.

ऑगस्टच्या नऊ तारखेला, दुपारी चारला,
काउंटरवर काहीतरी पांढरं पडलं.
वाटलं, छताचा चुना.
वाकून पाहिलं तर पान, निलगिरीचं, अख्खं,
शीर न् शीर दिसत होती.
बोट लावलं आणि ते नव्हतं.

डोंगरापलीकडे आहे, म्हणाले.
मग डोंगरावर आहे, म्हणाले.
मग कुणी काही म्हणेना,
कारण दिसत होतं.

वरच्या वस्तीतली माणसं उतरू लागली.
ट्रॅक्टरवर गाद्या, गाद्यांवर म्हाताऱ्या,
म्हाताऱ्यांच्या मांडीवर कोंबड्या.
जाताजाता दारात थांबायची:
"ही ठेव. कुत्रं मोकळं सोडलंय, पण त्याला पाणी..."
"ही ठेव. मुलगा लियोंहून सुट्टीला निघालाय, त्याचा फोन लागत नाही."
"ही ठेव," एवढंच, ग्रासिएत.
मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, नावं लिहिली,
भिंतीवरच्या खिळ्यांना एकेक अडकवली.
जीव टांगणीला लागतो म्हणतात.
मी मोजले, एकतीस.

अन्सेल्मोनं तेवढी दिली नाही.
"मी घरातच असणार. किल्ली कशाला?"

रात्री वीज गेली.
बंबावरची पोरं आली, सगळी इथलीच,
एक पोस्टात, एक शाळेत गणित शिकवणारा,
तळवे वितळलेले, पाय उचलला की फरशीवर काळा ठसा.
शिवू काय आणि चिकटवू काय?
डब्यातला सरस स्वतःच पाणी झालेला.
मग मागची फळी आठवली,
लोकांनी टाकलेले आणि कधीच न नेलेले बूट.
मेणबत्तीत मापं जुळवली.
नोटरीसाहेबांचे लग्नातले बूट घालून
गणिताचे मास्तर वणव्यात गेले.

पहाटे वारा फिरला.
चर्चमधल्या बायका कुणाकुणाची पुण्याई सांगतात.
मी म्हणते, वारा होता, फिरला,
आणि आमच्यावरून फिरला तो वरच्या वस्तीवर.
हे दुसरं वाक्य बायका म्हणत नाहीत.
मीही दुकानात म्हणत नाही.

अन्सेल्मो सापडला पाण्याच्या हौदात,
गळ्यापर्यंत, दोन शेळ्यांसकट,
तिघंही चिडलेले.

नंतर लोक किल्ल्या न्यायला आले.
कुणी पाव आणला, कुणी अंडी,
कुणी नुसतंच खिळ्याकडे पाहून परत गेलं.

ग्रासिएत आली तेव्हा सप्टेंबर लागला होता.
पिशवीतून कुलूप काढलं,
चावून थुंकल्यासारखा लोखंडाचा गोळा.
दार नाही, चौकट नाही, चौकटीची भिंत नाही.
खिळ्यावरची किल्ली घेतली, उलटसुलट पाहिली,
आणि माझ्यापुढे ठेवली.
"हिची अजून एक करून दे."

मी यंत्र चालू केलं.
पितळेचा भुगा उडाला,
त्या महिन्यात गावात पडलेली
ही एकच पिवळी गोष्ट राख नव्हती.
कानस फिरवली, कडा पुसल्या.
"दोन युरो."
"गेल्या वर्षी दीड होता."
"पितळ महागलंय."
तिनं चिल्लर मोजून दिली, मी मोजून घेतली.
फुकट दिली असती
तर ते सांत्वन झालं असतं,
आणि मग दोघींनाही बसायला खुर्ची लागली असती.

अकरा अजून खिळ्यांवर आहेत.
दार उघडलं की वाजतात.

नोटरीसाहेब परवा बूट न्यायला आले,
सहा वर्षांनी.
मी म्हटलं, अजून झाले नाहीत.