तण

ॲपचं मराठी कुणी केलं कोण जाणे.
रोज रात्री नऊ चाळीसला ते विचारतं,
'आज तुम्ही किती तण ओढले?'

पहिल्या दिवशी सुमेध कॉटवरून खाली येईस्तोवर हसला.
म्हणाला, तण तर तुझी आई काढते, सोयाबीनमधलं,
तिलाच दे हा फोन.
मीही हसलो.
नऱ्ह्यातला चौथा मजला, तीन कॉट, एक खिडकी,
खिडकीबाहेर नवले पुलाचा उतार,
जिथे ट्रक रात्रभर ब्रेक दाबत येतात
नि जळक्या रबराचा वास
आमच्या वासात मिसळून जातो.
घरमालकाला आम्ही सांगायचो, धूप आहे.
तो म्हणायचा, भाविक पोरं.

ॲप टाकलं ते एका कॉलमुळे.
सकाळी फोनमध्ये दिसलं:
अण्णा, रात्री दहा बावीस, अकरा मिनिटं.
अकरा मिनिटं मी बोललो होतो
आणि त्यातलं एक अक्षर माझ्याकडे नव्हतं.
अण्णा अकरा मिनिटं कधी बोलत नाहीत.
त्यांचा फोन म्हणजे
जेवलास का, पैसे आहेत का, ठेवतो.

'कमी करण्याचे तुमचे कारण लिहा.'
मी लिहिलं, अकरा मिनिटे.
तेव्हापासून दर शुक्रवारी ते सांगतं,
'लक्षात ठेवा! अकरा मिनिटे!'
आणि रंगीत फुगे सोडतं.

पहिले नऊ दिवस मी शून्य भरलं.
नऊही दिवस खोटं.
त्याने पदक दिलं,
वाचलेले रुपये मोजून दाखवले, अठराशे,
जे कात्रजच्या एका पोराच्या खिशात
केव्हाच गेले होते.
खोटं बोलायला मला अडचण नव्हती कधी.
पण ज्याला डोळेच नाहीत
त्याच्यापासून नजर कुठे चुकवायची, कळेना.

दहाव्या दिवशी दोन लिहिलं.
ते म्हणालं, 'नोंद केली.'
इतक्या कोरडेपणाने मला आजवर कुणी माफ केलं नव्हतं.

तल्लफ आली की एक पट्टी येते, शून्य ते दहा.
बोट सरकवायचं नि वीस मिनिटं थांबायचं.
ती लाटेसारखी असते म्हणे, चढते, ओसरते.
मी समुद्र दोनदाच पाहिलाय.
मला ती धायरीच्या कारखान्यातल्या प्रेससारखी वाटते,
मी ज्या पत्र्यांची ड्रॉइंगं काढतो त्यांवर बसणारी:
धप्. मग काही नाही. मग धप्.
त्या मधल्या काही-नाहीत मी जिना उतरतो,
भूमकर पुलापर्यंत चालतो,
भुर्जीच्या गाडीशी उभा राहतो.
तो हल्ली न विचारता मिरची जास्त टाकतो.

झोपेत घामाने उशी भिजते.
दोन वर्षांनी स्वप्नं परत आलीत,
आणि सगळ्या स्वप्नांत कुणीतरी माझ्याशी बोलतंय,
आवाज बंद.

सुमेध अजून गच्चीवर जातो, टाकीमागे.
मला बोलावत नाही.
याचं बरं वाटतं, आणि मग तासभर वाईट.

एकदा ते नऊ शून्य दुरुस्त करायला गेलो.
'मागील नोंदी बदलता येत नाहीत.'

काल अण्णांना फोन लावला.
त्या रात्री तुम्ही मला काय विचारत होतात?
पलीकडे पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, 'तू म्हणालास की, करा तसं.
फार समजुतीने बोललास त्या दिवशी.
आईसुद्धा म्हणाली, पोरगा मोठा झाला.
म्हणून मग केलं.'

'काय केलं, अण्णा?'

तेवढ्यात नऊ चाळीस झाले,
कानाशी फोन थरथरला.
मी त्याला थरथरू दिलं.