तळमजल्याचा ठराव

गेटच्या दोन्ही खांबांना लोखंडी खाचा,
खाचांत एकावर एक उतरणाऱ्या चार फळ्या,
कडेला रबर, रबराला ग्रीस.
मी सेक्रेटरी, म्हणून कुलपाची किल्ली माझ्याकडे
आणि शिव्याही.

सभेत तिसऱ्या मजल्यावरचे धारप म्हणाले,
"आमच्याकडे पाणी कधी चढलंय?
आम्ही का भरायचे साडेचार हजार?"
हे मी मिनिट्समध्ये लिहिलं नाही.
लिहिलं : सभासदांनी आपापली मते मांडली.

कुंदा राऊळ गप्प होत्या.
त्यांच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तपकिरी रेघ आहे.
तीनदा रंग दिला, तीनदा ती वर आली.
आता त्यांनी तिच्यावरच कॅलेंडरचा खिळा ठोकलाय.
फ्रिज चार विटांवर, गाद्या माळ्यावर,
नवऱ्याच्या पेन्शनची फाईल पिशवीत,
पिशवी खुंटीला, खुंटी छताजवळ.
"मला स्टूल लागतं," म्हणाल्या,
"पाण्यालाही लागू दे."

मीटरखोली आम्ही पाच फूट वर नेली.
वाळूच्या साठ गोण्या आणल्या, जिन्याखाली रचल्या.
त्यांच्यावर मांजर व्याली.

मग जुलैतली ती रात्र. भरती अकरा पन्नासची.
एरवी नाक दाबून ओलांडतो ती मिठी
बैलबाजारच्या गल्ल्यांत घर शोधत फिरत होती.
मी आणि वॉचमन रामसजीवन, आम्ही फळ्या उतरवल्या.
एक. दोन.
तिसरी अडली, टाचेने ठोकली.
चौथी.
बाहेर रस्ता चढत गेला,
एक रिक्षा बाजूला सरकली, कुणी न ढकलता.
आत अंगण कोरडं.
इतकं कोरडं की लाज वाटली,
कारण समोरच्या बैठ्या चाळीतली माणसं
पत्र्यावर बसून आमच्या फळ्यांकडे बघत होती.

तेवढ्यात कुंदाताईंची हाक.

पाणी गेटमधून आलंच नव्हतं.
न्हाणीच्या जाळीतून आलं,
संडासाच्या भांड्यातून,
बुडबुडत, घाई न करता,
घरचं माणूस मागच्या दाराने यावं तसं.

मे महिन्यात नझीर प्लंबर सांगून गेला होता,
"बाई, आधी चेंबरला वॉल्व्ह बसवा,
बाहेर जाऊ देईल, आत येऊ देणार नाही."
मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी बघू.
तेही मिनिट्समध्ये नाही.

धारप लुंगीतच खाली आले.
पिल्लं एकेक उचलून पायरीवर ठेवली,
गोणी ओढली, भांड्यात कोंबली,
वर पाट टाकला
आणि पाटावर स्वतः बसले, ओहोटी लागेपर्यंत.
कुंदाताईंनी त्यांना तिथेच चहा दिला.
"तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नाही," म्हणाल्या,
"तिसरा मजलाच उतरला."
धारप हसले नाहीत. कप मात्र दोनदा भरून घेतला.

सकाळी फळ्या काढल्या.
चाळीतल्या बायकांनी न विचारता
आमच्या कोरड्या अंगणात गाद्या आणून टाकल्या.
विचारतील तर काय सांगायचं,
ते मी रात्रभर ठरवत होते.
कुणी विचारलं नाही. बरं झालं.

ठराव : चेंबरला एकमार्गी वॉल्व्ह बसवणे.
सूचक : श्री. धारप.
अनुमोदक : श्रीमती राऊळ.
खर्चाचं पुढच्या सभेत.
सभा वीस तारखेला.
मोठी भरती सोळाला.