मार

माझं आडनाव झोपे.
मुली हसतात त्याला. हसू देत.
भुसावळच्या फलाटावर रात्रीचा दीड,
गाडी तीन तास उशिरा,
आणि बारा जणींची झोप
माझ्या ओढणीच्या गाठीला बांधलेली.

पाठीखाली सतरंजी, पोटऱ्यांखाली पिशव्या.
सांगून ठेवलंय : वडे नाहीत, बर्फाचं सरबत नाही,
पाणी या स्टीलच्या कॅनमधलंच,
घरून उकळून आणलेलं.
त्याला चुलीचा वास येतो
म्हणून धनश्री फेगडे नाक मुरडते.
मुरड बाई, नाक मुरड.
घोटा नको.

पल्लवीच्या डब्यात कळण्याची भाकरी, वर ठेचा.
ठेचा मी काढून घेतला,
'सामना झाल्यावर देईन' म्हटलं,
आणि बाराच्या सुमाराला मीच खाल्ला थोडा,
जागं राहायला.

पलीकडच्या रुळांवरून केळीची गाडी जाते,
दिल्लीकडे, न थांबता.
माझा बाप सावद्याच्या धक्क्यावर घड चढवायचा.
खाली पाचट, वर हिरवी पानं,
दोन घडांच्या मध्ये हाताची पालथी बोटं घालून बघायचा
कुठे घासतंय का.
मी आठ वर्षांची, मदतीला. आपटला एक घड.
'हयू ठेव वो,' एवढंच म्हणाला,
'केयीले मार लागला त आज दिसत नाई.
दिल्लीत दिसते.'

ब्याण्णव साली राज्याच्या स्पर्धेला गेलो
तेव्हा अठरा तास संडासाच्या दाराशी,
उभ्यानं, आळीपाळीनं एका पायावर.
उतरलो ते थेट मैदानात.
जिंकलोसुद्धा. पेपरात फोटो आला.
गुडघा आठव्या दिवशी बोलला.
अजून बोलतो, जिना दिसला की.

दोन वाजता मी कपाळं तपासत फिरते,
आई नसलेल्या बाईचा हात,
घाबरट, नको तितका हलका.
नववं कपाळ रेहाना तडवीचं.
'काही नाई मॅडम, ऊन लागलं असेल.'
नोव्हेंबर. रात्र. एकशे दोन.
आमची रेहाना, खांबावर सूर मारते तेव्हा
समोरचा संघ क्षणभर पळायचं विसरतो.
तिच्याशिवाय आम्ही पहिल्याच फेरीत परत येऊ,
मला माहीत आहे,
तिला माझ्याआधी माहीत होतं,
म्हणून तर संध्याकाळपासून
कुणाच्या जवळ बसली नाही.

तिचे वडील आले मोटरसायकलवर, कानाला मफलर.
'गोळी देऊन नाही का जमणार, मॅडम?
गावात पेढे वाटलेत.'
मी त्यांना चहा पाजला.
दुसरं काय देणार?

जाताना तिनं गुडघ्याची पट्टी काढून
झोपलेल्या धनश्रीच्या उशाला ठेवली.
माझ्याकडे बघितलं नाही.
परीक्षेपर्यंत तरी बोलणार नाही आता.
नको बोलू दे.

घोषणा झाली. फलाट बदलला, अर्थातच.
पाच बर्थ, अकरा मुली, एक पूल चढायचा.
मी एकेकीला उठवते,
खांदा न हलवता,
मानेखाली हात घालून,
देठाकडून.