निघायचंय

दिवसा सियागंजात मी रकाने भरते:
लवंग, जायफळ, हिंग, पोत्यांची संख्या, दर.
रात्री राजेंद्रनगरला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
तसेच रकाने. फक्त त्यात समुद्र असतो.

कौनासच्या रीमासनं हौसेनं एका खेळाचा नकाशा बनवलाय:
एक बेट, एक दीपगृह, एकशे अठरा पायऱ्या
आणि तीनशे सहा ओळी. डावीकडे इंग्रजी,
तीही त्याची नव्हे, उसनी;
उजवीकडे माझी रिकामी जागा.

कुणी सांगितलं नव्हतं. पैसे नाहीत.
यादीत पोलिश होती, तुर्की होती, कोरियन होती,
मराठीसमोर एक आडवी रेघ.
ती बघवेना, एवढंच.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, तेव्हा अंगात ताप होता.
इंदुरात भरती निघते ती पोलिसांची.
'धक्क्यावर जा' लिहिलं,
तर वेदांग, माझा भाचा,
दीपगृहाच्या दाराला खांदा लावून ढकलत बसला.
कुरव कोण, म्हणून आईला उठवलं,
ती कूस बदलत म्हणाली, "कौरवांतला असेल कुणी."

खेळणारा मुलगा की मुलगी, रीमासला माहीत नाही.
त्याच्या 'यू'ला दाढी नाही, वेणी नाही.
मी 'पोचलास' म्हणताक्षणी
साऱ्या मुली बेटावरून उतरतात.
म्हणून 'दीपगृह गाठलंस' लिहिते:
क्रियापद दीपगृहाकडे बघतं,
आलेल्याकडे बघत नाही,
सभ्य माणसासारखं.

जिथं नाव यायचं तिथं टक्क्याची खूण.
तिला विभक्ती चिकटत नाही;
'चा' हातभर लांब उभा, सोवळ्यातल्यासारखा.
आणि 'दिवा'ची वेलांटी
आधी येऊन बसायची, ती मागून धावत येते.
तीनशे सहा ओळींत
दिवा एकेचाळीस वेळा मोडतो.

पुण्याहून एक गृहस्थ तपासतात.
'म्हातारा कंदील शोधून राहिलाय'
याच्याखाली त्यांची लाल रेघ: हे मराठी नव्हे.
मी 'शोधतोय' केलं.
आमच्या घरात चार पिढ्या
चष्मा, किल्ल्या, स्थळं
शोधून राहिल्यात, हे कळवलं नाही.

दोनशे चौदावी ओळ अडली.
म्हातारा मान न वळवता म्हणतो, 'वी आर लीव्हिंग.'
आम्ही? की आपण?
आम्ही लिहिलं तर तुला बेटावर ठेवून जातोय.
आपण लिहिलं तर आत्ताच कंदील उचल.

रीमासला विचारलं. चार दिवसांनी उत्तर: फरक काय?
माझ्या मोडक्या इंग्रजीत समजावलं,
त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्यानं लिहिलं:
मी नऊ वर्षांचा होतो. बाबा दारात, पेटी बांधलेली.
हेच म्हणाले. आमच्याकडेही एकच शब्द आहे.
मी बूट घालू की नको, कळेना.
तुझ्या भाषेत हे न कळणं बसेल का?

दोन रात्री नाही बसलं.
तिसऱ्या पहाटे कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली,
आईनं खालून हाक मारली, बादली घेऊन ये,
आणि जिन्यात सुचलं.
आम्ही काढला. आपण काढला.
'निघायचंय.'
मशीनच्या हिशेबानं आठ अक्षरं,
बावीसची परवानगी, चौदा उरली.

पुण्याहून विचारणा: कर्ता कुठे आहे?
मला सियागंज गाठायचं होतं.

रविवारी वेदांगनं नकाशा उघडला.
तो काही वाचत नाही, लांब बटण दाबत सुटतो.
म्हातारा बोलला. पाटी उजळली,
अनुस्वार गळालेला: निघायचय.
तोही त्याच वेगानं एकशे अठरा पायऱ्या उतरला,
खाली, होडीपाशी, थबकला.
"आत्या, हा बाबा
माझी वाट बघून राहिलाय की काय?"

दोनशे पंधराव्या ओळीत मी
'बघतोय' लिहिलंय.
अजून तसंच आहे.