तळाची अडकण

व्हितोल्दचं जॅकेट खालून उघडतं.
चेन वर ओढावी, तसे तळाशी दात सुटतात
एकामागून एक, शाळा सुटल्यासारखे.
गळ्याशी बंद, पोटाशी उघडं.
इस्पितळानं ते पिशवीत घालून दिलं :
खिशात जुनं प्रवेशपत्र, एक नट, दात कोरायची काडी.

टार्नूव्हच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं
असल्या दातांच्या आधीचं पांढरं काहीतरी
पोत्यांत भरलं. अ‍ॅसिटालचे दाणे,
दुधी, कणीदार, मुठीत धरले तर निसटणारे.
फॉर्माल्डिहाइड केसांत बसायचा.
केस कापणारी मान वर न करताच म्हणायची,
"कारखान्यातली. बसा."

पहिल्या दिवशी श्चेपान्स्काबाईंनी
माझ्याच स्वेटरचा एक धागा ओढून दाखवला.
हा रेणू असा, म्हणाल्या, टोकाकडून उसवतो.
ऊब लागली की शेवटचा दुवा जातो,
मग त्याच्या अलीकडचा,
मग सगळी साखळी वायू होऊन डोळ्यांत शिरते.
म्हणून साखळीत अधूनमधून
एक परका दुवा घालायचा.
उसवण तिथवर येते
आणि थबकते.
(स्वेटर मात्र मला घरी जाऊन पुन्हा विणावा लागला.)

व्हितोल्द प्वोत्स्कला, व्हिस्तुलाच्या खालच्या अंगाला,
रिफायनरीत, रिफॉर्मिंगच्या भट्ट्यांवर.
नाताळच्या जेवणानंतर
त्यानं टेबलावर काड्या मांडल्या :
हा नॅफ्था, सरळसोट, इंजिनात नुसता खडखडणारा.
पाचशे अंशांवर प्लॅटिनमच्या अंगावरून गेला
की वळतो, आणि त्याचं कडं होतं.
सहा काड्यांचं कडं. आई कौतुकानं बघत होती.
"पण हायड्रोजन सोडावा लागतो," तो म्हणाला,
"सोडल्याशिवाय कडं जुळत नाही."
मी म्हणाले, "हान्काला सोडलंस ते त्यासाठीच का?"

त्यानं काड्या एकेक करून पेटीत भरल्या.
त्यानंतर नऊ वर्षं.

प्लॅटिनम झिजत नाही, हेही त्याच रात्री सांगितलेलं.
काजळी धरतं मात्र.
ती जाळायची तर हवा थोडी थोडी सोडायची,
पाळीमागून पाळी, काट्यावर डोळा ठेवून.
घाई केली की दाणाच करपतो.
तीस वर्षं त्यानं हे केलं, एकदाही करपू न देता.
भट्टीवर.
घरी आम्ही दोघं एकाच आईची,
आणि आमच्यात हवा सोडणारं
कोणी ड्यूटीवर नव्हतं.

मग आई गेली. दफनाला आम्ही
खड्ड्याच्या दोन कडांना उभे.
त्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला
सगळं गाव दफनभूमीत दिवे लावत असताना
माझा फोन वाजला. मी घरी, तापात.
"आईचा दिवा विझतोय. काडेपेटी
कुठे ठेवतेस तू?"
हॅलो नाही, कशी आहेस नाही.
दगडामागे, मी म्हणाले, डाव्या हाताला, डब्यात.
त्यानं डबा उघडल्याचं ऐकू आलं.
काडी ओढल्याचं. दुसरी. वारा होता.
तिसरी.
"लागला," म्हणाला.
फोन मात्र कोणीच ठेवला नाही, बराच वेळ.

पुढे दर वर्षी यायचा. काड्या विषयात आल्या नाहीत.

येरेमी शिंप्यानं चष्मा कपाळावर सरकवून
जॅकेट दिव्याखाली धरलं.
"दात सगळे शाबूत आहेत.
तळाची अडकण तेवढी गेलीय.
पाच झ्वॉटी. बसा."
पकडीनं त्यानं पत्र्याचा इवलासा तुकडा दाबला.
मी विचारलं, हे दात कसले?
"प्लास्टिकचे," तो म्हणाला, "आणखी कसले?"

चेन नाकाशी धरून मी वास घेतला.
शिंपी बघत होता, बघू दे.
काहीच वास नव्हता.
म्हणजे कोणीतरी नीट बांधलं होतं,
आमच्या पाळीनं असेल,
किंवा जगाच्या पार दुसऱ्या टोकाला
केसांत हाच वास घेऊन घरी जाणाऱ्या कोणीतरी.

बाहेर गारठा होता.
चेन तळापासून गळ्यापर्यंत ओढली.
बाह्या मला लांब होतात.