सुपडूचा रिपोर्ट

चोपड्याला स्टँडमागे माझी लॅब, दहा बाय बारा.
मे महिना. पत्रा रात्रीही निवत नाही.
अशात एक माणूस गोधडी पांघरून आला.

सुपडू कोळी, वय एकेचाळीस, काम केळी कापायचं.
चार दिवसांपूर्वी तळव्यात बाभळीचा काटा गेला,
तो त्याने दुसऱ्या काट्याने काढला,
वर हळद दाबली आणि गाडी भरली.
आता अंगठ्याखाली हात भाकरीसारखा फुगलाय.
"थंडी वाजी ऱ्हायनी, ताई."
बाहेर चव्वेचाळीस.

मी दंडाला रबर बांधलं, शीर शोधली.
बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
स्पिरिटने पुसले, ते तसेच.

काचेवर थेंब ओढला. तो वाळेपर्यंत निंबाबाई बोलत होती:
याच्या आधीची तीन गेली, म्हणून सासूने
हा जन्मला तसा सुपात घातला, अंगणभर ओढला,
मरणाला वाटावं, फोल आहे, केर आहे,
आणि ते पुढच्या घरी जावं.
चकवून वाचलेला माणूस
माझ्या स्टुलावर बसून दात वाजवत होता.

मग जांभळा रंग. मग डोळा नळीला.

तांबड्या पेशी नेहमीच्याच, बाजाराच्या दिवसासारख्या.
आणि त्यांच्यात ते,
तीन पाकळ्यांचं, चार पाकळ्यांचं केंद्रक घेतलेले.
मी कळ दाबत मोजते. टक. टक.
शंभरात शहाऐंशी.

यांना कोणी काही शिकवलेलं नसतं.
काट्यावर कुठल्या शेतातलं काय बसलं होतं,
वैर जुनं की नवं,
त्यांना पत्ता नाही.
हे आपलं नाही, एवढंच कळतं.
सूपही दाण्याला नाव विचारत नाही,
पाखडतं.

तळव्यात आधीपासून काही पेशी राहतात,
गावच्या जागल्यासारख्या, जागा न सोडणाऱ्या.
पहिली हाक त्यांची.
मग शिरांच्या भिंती सैल होतात,
रक्तातले हे भिंतीला घासत घासत येतात
आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडतात.
लाली, ऊब, ठणका, सूज:
सुपडू ज्याला दुखणं म्हणतो
ते बरंचसं यांच्या येण्याजाण्याचं.

आणि मेंदूने काटा वर सरकवलाय.
एकोणचाळीस, आता हेच बरोबर.
त्या हिशेबाने अंग अजून गारच,
म्हणून वैशाखात गोधडी.

शेवटच्या ओळीत वाकडे दिसले.
पाकळ्या न फुटलेले,
केंद्रक सरळ केळीसारखं वळलेलं.
मज्जेने कच्चेच उतरवून पाठवलेले.
आमच्याकडे हे कोणाला समजवावं लागत नाही,
घड झाडावर पिकेपर्यंत कोण थांबतं?
ट्रक उभा असतो.
शंभरात चौदा.

शेजारी डॉक्टरांनी हाताला चीर दिली.
पू आला तसं निंबाबाईने तोंड फिरवलं.
मी काही बोलले नाही.
कालपरवा मज्जेतून निघालेले,
जेमतेम दिवसभराचं आयुष्य,
पोटात जंतू घेऊन तिथेच मेलेले.
ते कापसाने टिपले. कापूस इथलाच असेल, कोण जाणे.
पिवळ्या पिशवीत गेले.

ओळख ठेवणाऱ्या पेशी आठवड्याने येतील, नेम धरून.
केळीला त्याही नसतात.
कोयता बसला की चीक येतो, जखमेवर वाळतो,
आणि ज्याने कापलं त्याच्या बोटांवर
जन्मभर राहतो.

मी रिपोर्टवर सही केली.
निंबाबाईने कागद उलटा धरला, मग सुलटा.
"बरं शे का वाईट?"
त्या चौदांवर मी पेनने गोल केला होता.
"कच्चा माल निघालाय," म्हटलं,
"पण निघालाय."
तिने मान हलवली, आणि गोधडीचं टोक
त्याच्या पाठीवर नीट ओढलं.